सीटखालचे चार प्लग

(गॅरेजमध्ये जुनी व्हॅन. ड्रायव्हरचं दार उघडं.)

बायको : ते काही नाही. प्लग बदलायचे म्हणजे बदलायचे.

नवरा : अगं, गाडी चालतेय ना? चालत्या गाड्याला खीळ कशाला घालतेस?

बायको : चालतेय? काल शाळेची गाडीभर पोरं घेऊन चढावर बंद पडली. मागून ट्रकवाला हॉर्न वाजवतोय, त्यातली सगळ्यात धाकटी रडतेय, आणि मी तिला सांगतेय, गाडी दमलीय गं, जरा बसू दे तिला. लोकांची पोरं आहेत ती. पुन्हा असं झालं तर चावी खुंटीला लावून मी घरी बसेन.

मिस्त्री : वहिनी, भाऊ अगदीच चुकीचं बोलत नाहीत. या गाडीचं मीटर एकदा पूर्ण फिरून पुन्हा शून्यापासून निघालंय. एवढ्या जुन्या इंजिनात प्लग धरून बसतात. काढताना एखादा तुटला तर इंजिनाचं हेड उघडावं लागेल. म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

नवरा : ऐकलंस?

बायको : ऐकलं. आणि नाही बदलले तर, मिस्त्री?

मिस्त्री : तर रोज चढाला देवाचं नाव घ्यायचं.

बायको : मग काढा.

मिस्त्री : काढतो. शेवटचे बदलले कधी?

नवरा : न चुकता सर्व्हिसिंगला देतो की.

मिस्त्री : इथे नाही दिलीत कधी. हिचं इंजिन ड्रायव्हरच्या सीटखाली. सीट उचलल्याशिवाय प्लग दिसतसुद्धा नाहीत, आणि सीट तर खाली वेल्डिंग करून टाकलीय. हे शहाणपण कोणाचं?

नवरा : माझं.

मिस्त्री : तुमचं?

नवरा : माझी पाठ गेली, गाडी हिच्याकडे आली. हिचे पाय क्लचला पोचेनात. पाठीमागे उशी लावायची, ती घसरायची. मग सीट पुढे ओढली आणि पक्की करून टाकली. पुन्हा हलायलाच नको म्हणून.

मिस्त्री : हललीच नाही. तेव्हापासून प्लगनाही कोणी हात लावला नाही. ऑइल बदललं, गाडी धुतली, झालं यांचं सर्व्हिसिंग.

बायको : अहो, मला जपता जपता गाडीचा जीव घुसमटवलात की.

नवरा : घे, तूही बोलून घे.

मिस्त्री : कापू का वेल्डिंग?

नवरा : थांबा. खडू द्या जरा.

मिस्त्री : खडू कशाला?

नवरा : द्या हो. आणि खरं सांगा, प्लग तेलानं माखलेले निघाले तर इंजिन गेलं ना?

मिस्त्री : गेलंच समजा. मग भंगारवालाच.

नवरा : तेच मला बघायचं नव्हतं. त्या पोरांशिवाय ही घरात बसलेली मला बघवणार नाही.

बायको : ठाऊक होतं मला. म्हणून कालपासून फाटे फोडताय. बाहेर जाऊन थांबा हवं तर.

नवरा : नाही. इथेच थांबतो.

बायको : कापा, मिस्त्री.

मिस्त्री : बाजूला व्हा, ठिणग्या उडतील.

बायको : झालं?

मिस्त्री : सीट निघाली. तीन प्लगही सुटले. हा चौथा हट्टी आहे. ऑइल सोडलंय, मुरू दे. आता कोणी बोलू नका. थोडा इकडे... थोडा तिकडे...

बायको : कसला आवाज झाला? तुटला?

मिस्त्री : नाही वहिनी. सुटला. अख्खा आलाय हातात.

नवरा : मला दाखवू नका. नुसतं सांगा.

मिस्त्री : आतून कोरडा आहे. टोक पार झिजलंय, पण रंग बघा, भाजल्या बिस्किटासारखा. चारही प्लगांचा तसाच. इंजिन ठणठणीत आहे, भाऊ. बिचारं या प्लगांपायी ठेचकाळत होतं.

नवरा : म्हणजे भंगार नाही.

मिस्त्री : भंगार कसलं? नवे टाकतो, आणि न्या खुशाल चढावर.

बायको : सुटले बाई एकदाची. अहो, डोळे पुसा.

नवरा : कापताना धूळ उडाली.

बायको : हो, माझ्याही गेलीय.

मिस्त्री : आता सीट बोल्टवर बसवतो, म्हणजे पुढच्या वेळी उचलता येईल. मूळच्या जागी घेऊ ना मागे?

नवरा : नको, नको. खाली खडूची रेघ दिसतेय? तिथेच बसवा. तिथून हिचे पाय पोचतात.