तीन किल्ल्या आणि एक होडी

कुलपांचा विषय निघालाच आहे, तर ऐका. विद्यापीठाचं परीक्षाकेंद्र पहिल्यांदाच पनवेलला आलं होतं. माझी नणंद हौसा परीक्षेला बसलेली. काही गडबड झाली असती तर केंद्र परत मुंबईला गेलं असतं, आणि हौसाला एकटीला मुंबईला कोण धाडतंय?

पेपर फुटू नयेत म्हणून विद्यापीठाच्या साहेबानं कपाटाला तीन कुलपं लावली आणि तीन मास्तरांकडे एकेक किल्ली दिली. एकट्याला कपाट उघडताच येऊ नये!

परीक्षेच्या आदल्या दिवशी खाडीपलीकडे शाळेच्या शिपायाच्या लेकीची हळद होती. नाही कसं म्हणणार? तिघं गेले, ते एकाच होडीतून. सकाळी परतताना ओहोटी लागली आणि होडी चिखलात रुतली.

इकडे साहेब घामाघूम, हौसा रडकुंडीला. सासूबाई म्हणाल्या, "सायेब, तोडा ना कुलपां!"

"आजी, तोडली तर पेपर फोडला म्हणतील. केंद्रच जाईल."

"मग पोरींनी काय भरतीची वाट बघायची?"

तेवढ्यात तिघं आले. मांडीपर्यंत चिखल, गालांना हळद, किल्ल्या टोपीत. साहेब रागावला नाही. त्यानं स्वतः तिघांच्या हातांवर पाणी घातलं आणि एवढंच म्हणाला, "यापुढं तिघांनी एकत्र कुठं जायचं नाही."

पेपर वेळेवर झाला, हौसा पास झाली. पुढच्या वर्षी तिच्या लग्नात एक मास्तर हळदीला आला, दुसरा लग्नाला, तिसरा पूजेला.

सासूबाई तिसऱ्याला म्हणाल्या, "तिघं संगती आले असते तर काय झालं असतं, मास्तर?"

"परवा परीक्षा आहे, आजी. यंदा तुमच्या गावच्या आणखी पोरी बसल्यात."