मागच्या दाराने गेलेले साठ रुपये

(म्हैसूर, १९१८. हणमंत शिंप्याचं दुकान. ओट्यावर नोटा देऊन चांदीचे रुपये मागणाऱ्यांची गर्दी. आतल्या खोलीत तो, बायको मालतीबाई आणि तिचा भाऊ सत्यनारायण.)

मालतीबाई : आणखी पाच जणी आल्या. रुक्मिणीबाई सगळ्यांत पुढे. वाटा चांदी. पोरीच्या लग्नात मग पाव्हण्यांना कागद वाढू.

हणमंत : देवळात सगळ्यांसमोर बोललोय मी. सराफ नोटेमागे दोन आणे कापू दे, माझ्याकडे पुरा रुपया मिळेल.

मालतीबाई : पेटीत दोनशे. गावात नोटा किती, विचारलंत?

हणमंत : गरजच नव्हती. हमखास मिळणार म्हटल्यावर मागायला कोण येतं? संक्रांतीपासून कुणी फिरकलं नाही.

मालतीबाई : मग आजच काय झालं?

हणमंत : भावाला विचार तुझ्या.

सत्यनारायण : मी काय केलं, दाजी? नोटा घेऊन साठ रुपये चांदी तुम्हीच दिलीत.

हणमंत : दिली. पण काल ती न्यायला तू मागच्या दाराने का आलास?

सत्यनारायण : घरचाच माणूस चांदी मागतो, चारचौघांत बरं दिसलं नसतं.

हणमंत : आता फार बरं दिसतंय. शिंप्याचा मेहुणा उपरण्याखाली पिशवी लपवून जाताना गल्लीनं पाहिला. म्हणतात, आतल्यांना काहीतरी कळलंय.

सत्यनारायण : अय्यो. जाऊन सांगू का, पेटी भरलेली आहे म्हणून?

मालतीबाई : सांग. म्हणजे घरी राहिलेलेही येतील.

हणमंत : काही सांगायचं नाही. पिशवी घेऊन पुढच्या दाराने ये. चांदी परत कर, नोटा माग. सगळ्यांदेखत.

सत्यनारायण : पिशवी आणलीय. पण साठातले वीस बैलवाल्याला गेले. नोट घेईना तो.

हणमंत : आणि तुझ्या बायकोनं विहिरीवर साठाचा आकडा सांगून ठेवलाय. चाळीस निघाले तर लोक म्हणतील, वीस दडवले.

मालतीबाई : द्या इकडे. मी बसते ओट्यावरच्या दगडापाशी, एकेक रुपया त्यावर वाजवून मोजते.

हणमंत : वाजवून चाळिसाचे साठ होतात?

मालतीबाई : तुम्ही पेटीचं झाकण उघडं ठेवा. लोकांचे डोळे तिकडे राहतील, मला त्यांचे कानच पुरेत. चाळीसपर्यंत खरे, पुढे तेच पुन्हा वाजवते.

सत्यनारायण : अक्का, कुणी पाहिलं तर?

मालतीबाई : पुढच्या दाराने ये म्हटलं ना? चल.

(ओट्यावर.)

सत्यनारायण : दाजी, ही चांदी ठेवा. मला नोटाच बऱ्या.

मालतीबाई : ...एकोणचाळीस, चाळीस, एक्केचाळीस...

हणमंत : सावकाश मोज, घाई नाही. हां रुक्मिणीबाई, तुम्हाला किती हवेत?

रुक्मिणीबाई : मला? छे हो. चोळीची शिलाई द्यायची राहिली होती. नोट चालेल ना?