धाऊची पाचवी गोळी

सन्माननीय अध्यक्षसाहेब, व्यासपीठावरचे डॉक्टर, सहकारी, आशाताई आणि पाड्यांवरून चालत आलेली माझी माणसं,

रंजना, तुला आठवतं? वीस वर्षं झाली. उपकेंद्राच्या ओट्यावर आपण दोघी गिरजाने आणलेली करवंदं मीठ लावून खात होतो. तिचा पाच वर्षांचा धाऊ रंगलेली जीभ येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत होता.

आत्ताच निरोपाच्या भाषणांत माझं कौतुक झालं, की माझ्या रजिस्टरमध्ये एकही रकाना रिकामा नाही. खरं आहे. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला नन्सनी शिकवलं होतं, काम अर्धं सोडायचं नाही. मी ते फार नीट शिकले.

तीन वर्षांपूर्वी धाऊ वीटभट्टीवरून मलेरिया घेऊन आला. ताप उलटू नये म्हणून चौदा दिवसांच्या गोळ्या. चौथ्या दिवशी गिरजाने त्या बंद केल्या.

"सिस्टरबाई, त्याची लघवी कोऱ्या चायसारकी काली झालीय. गोली नाय देत मी."

"ऊन लागलं असेल गं. पाणी पाज."

"तुमी शिकलेल्या. पण पोर माजा हाय."

पाचव्या दिवशी मी पाडा चढले, समोर बसून त्याला गोळी गिळायला लावली आणि रकान्यात खूण केली. सहाव्या दिवशीही. सातव्या दिवशी तो हळदीसारखा पिवळा. शहापूरच्या रस्त्यावर जीपमध्ये मला विचारतो, "सिस्टर, आता किती ऱ्हायल्या?" दवाखाना यायच्या आत तो गेला.

काही जणांच्या तांबड्या पेशींत जन्मापासून एक एन्झाइम कमी असतं. एरवी काही कळत नाही. ही गोळी पोटात गेली की पेशी फुटतात. रक्ताच्या थेंबावर कळलं असतं. ती तपासणी तेव्हा आपल्याकडे नव्हती. पण सांगायला गिरजा होती ना? चौकशीत लिहिलं गेलं, 'नातेवाइकांनी रुग्णास उशिरा आणले.' खाली सही माझी आहे.

आपण सगळे आलात, आभारी आहे. बोलण्यात काही चुकलं असेल तर पोटात घाला. वागण्यात चुकलं ते घालू नका.

आता वाटणी. ही शाल वरच्या पाड्यावर जाणाऱ्या आशाताईला. ज्यांच्या रक्तात ही कमतरता निघाली, त्यांच्या लाल शाईतल्या नावांची वही रंजनाला. त्या घरांत तपासल्याशिवाय ती गोळी द्यायची नाही. हे कार्ड धाऊच्या बहिणीला, सरूला. तिच्या मुलाच्या, येसूच्या रक्तातही तेच निघालंय, दवाखान्यात जाताना सोबत ठेवायला सांगा. आणि हा माझा नवा जबाब, दोन प्रती. एक अध्यक्षसाहेबांना. दुसरी गिरजाला. तिला वाचता येत नाही. घरी जाऊन, तिच्यासमोर बसून, मोठ्याने वाचा.