टोकाचं वजन

ग्लेनिस : ट्रेलरच्या मधल्या रोलरमध्ये आणि होडीच्या तळाच्या कण्यामध्ये दोन बोटं फट आहे. हात घालून बघ. होडी रोलरला शिवतच नाही.

नेव्हिल : नाही तर नाही. पडली का आजवर ट्रेलरवरून?

ग्लेनिस : पडली नाही, पण सगळा भार बाजूच्या या दोन फळ्यांवर येतो. फळ्या तुझ्या मोठ्या बोटीच्या मापाने लावलेल्या, लांब लांब. माझ्या बाबांनी बांधलेली ही होडी अरुंद. प्लायवूड आत दबलंय. इथे बघ, आणि इथे.

नेव्हिल : आज हे काय काढलंस? बहिणीने कान भरले वाटतं. फोन आला की तिचं ते टाउपो, तिथलं तळं. आणि तू दर उन्हाळ्यात बॅग काढतेस, झटकतेस, परत ठेवतेस.

ग्लेनिस : ठेवते खरी. जॅक घे इकडे. होडी जरा उचल, मी फळ्या आत घेते. थोड्या खालीही घ्याव्या लागतील.

नेव्हिल : नट गंजलेत, सुटायचे नाहीत.

ग्लेनिस : काल तेल सोडलंय. तू पबमध्ये होतास.

नेव्हिल : अगं, मोठी बोट परत घेतली की हे सगळं पुन्हा उलटं करायचं.

ग्लेनिस : ती विकली त्यानंतर आपले केस पांढरे झाले, नेव्ह.

नेव्हिल : घेणार आहे म्हटलं ना!

ग्लेनिस : घे. तिच्यासाठी ट्रेलरही घे.

नेव्हिल : ...आता हा बाथरूमचा काटा कशाला आणलास?

ग्लेनिस : ट्रेलरचं पुढचं टोक त्यावर ठेव. मध्ये लाकडाचा ठोकळा घाल. किती जड लागतं ते बघू.

नेव्हिल : ट्रॅक्टरने शेडमधून ओढायचं, वाळूवर न्यायचं. ट्रॅक्टरला काय त्याचं? या गावात कधी कुणी ट्रेलरचं टोक तोललंय?

ग्लेनिस : ट्रॅक्टरला काहीच नाही. एकूण वजनाचा दहावा भाग पुढे हवा. इथे जवळपास दुप्पट आहे. होडी फार पुढे बसलीय. होडी ओढायच्या दोराचा हा पुढचा खांब मागे सरकवायचा.

नेव्हिल : डांबरी रस्त्यावर नेणाऱ्यांची थेरं ही.

ग्लेनिस : हो.

नेव्हिल : हे मागचे दिवे नवे आहेत का?

ग्लेनिस : नवे आहेत. माझ्या गाडीला मागे ओढायचा हुकही बसवलाय. महिना होत आला.

नेव्हिल : मला वाटलं, सायकल अडकवायला असेल.

ग्लेनिस : माझ्याकडे सायकल नाही.

(नेव्हिल पाना खाली ठेवतो, पुन्हा उचलतो.)

नेव्हिल : होडी पाण्यात सोडायची असेल तर मला सांग ना. ट्रॅक्टर आहे की.

ग्लेनिस : सांगायचे. तू म्हणायचास, भरती गेली, उद्या बघू. आणि कधी सोडलीस तर अख्ख्या किनाऱ्याला ओरडून सांगायचास, या रे, बायकोचा आंघोळीचा टब आलाय!

नेव्हिल : गंमत होती ती. सगळे हसायचे.

ग्लेनिस : मीसुद्धा हसायचे. ट्रॅक्टर मला एकदा तरी चालवू दिलास?

नेव्हिल : क्लच जातो त्याचा. तुला जमला नसता.

ग्लेनिस : तिकडे तळ्याला काँक्रीटचा उतार आहे. गाडी मागे घ्यायची, दोर सोडायचा. एकट्या माणसाला जमतं. खांब सरळ धर.

नेव्हिल : तू धर, मी आवळतो. तुझ्याने पक्का बसणार नाही.

ग्लेनिस : बरं.

नेव्हिल : डोंगरातल्या वळणांवर सावकाश ने. वारा असतो. किती दिवस राहणार आहेस?

ग्लेनिस : काटा वाच आधी.

नेव्हिल : उतरलं. निम्मं झालं.

ग्लेनिस : आणि मधला रोलर?

नेव्हिल : टेकलीय होडी. नखही जात नाही मधून. किती दिवस, ग्लेन?

ग्लेनिस : मी परत येणार नाही, नेव्ह.