सहा हजार जोडशब्द

ब्याण्णव साली अमेरिकेतल्या शॉमबर्गच्या पोस्टात, रांगेत माझ्यापुढे साठीचं एक मराठी जोडपं उभं होतं.

“अहो, सोव्हिएत रशियात मास्तरांना खरंच श्क्राब म्हणायचे?”

“एके काळी म्हणायचे. ‘शाळा’ आणि ‘कामगार’, दोन्ही रशियन शब्दांच्या शेपट्या छाटायच्या आणि उरलेलं जोडायचं.”

“खरजेचं नाव वाटतं.”

“असे सहा हजार जोडशब्द आहेत माझ्या कोशात, सुजाता.”

“आणि कोश पुरा होतोय तर तो देशच कॅन्सल झाला! लग्नातसुद्धा मुहूर्त टळल्यावर पोचला होतात तुम्ही.”

“प्रकाशक म्हणतो, गेलेल्या सरकारचे शब्द काढा, मग छापतो.”

“म्हणजे किती काढायचे?”

“निम्मे. मी हो लिहिलंय. तेच पत्र टाकायला आलोय.”

“बघू इकडे.”

“अगं, फाडतेस काय!”

“सोळा वर्षं माझ्या डायनिंग टेबलवर तुमची शब्दांची कार्डं पसरलीत. पाहुण्यांना मी मांडीवर ताट घेऊन जेवायला लावलं. आता त्यातलं एकही कार्ड हलायचं नाही. दुसरा प्रकाशक शोधा.”

“आणि नाहीच मिळाला तर?”

“तर उभ्यानं जेवू. चला घरी.”