खोली क्रमांक ८१४ मधले एक्क्याऐंशी दिवे

जबाब
दिनांक २७ डिसेंबर २०२५, सकाळी ११ वाजून १० मिनिटे
ठिकाण : लष्कर भागातील पोलीस ठाणे, ग्वाल्हेर

नाव सीमंतिनी भालचंद्र पोतनीस, वय ७२ वर्षे, धंदा निवृत्त वरिष्ठ लिपिक, न्यायालयाची नक्कल शाखा, राहणार हरिशंकरपुरम, ग्वाल्हेर. मातृभाषा मराठी, हिंदी लिहिता-वाचता येते.

मला कोणी बोलावलेले नाही. ‘नीलतरंग’ जहाजावरील आगीच्या तपासासाठी मुंबईच्या पोलीस अंमलदार मॅडम ग्वाल्हेरला आल्या आहेत असे कळल्यावरून मी आपण होऊन हजर झाले आहे आणि त्यांच्यासमोर सांगते ते असे.

वरील पत्त्यावर मी पती भालचंद्र (वय ८१ चालू), मुलगा शंतनु आणि सून अपर्णा यांच्यासह राहते. एकतीस वर्षे मी न्यायालयात लोकांच्या जबाबांच्या नकला करून दिल्या. खोटा जबाब मला चार ओळींत कळतो असे मी ऑफिसात ऐटीत सांगत असे. ६ डिसेंबर रोजी मुंबई बंदरात उतरल्यावर मी स्वतः खोटा जबाब दिला. तो मागे घेण्यासाठी आज आले आहे.

त्या जबाबावरून गरिमा भदौरिया, वय २६, राहणार मुरार, या मुलीवर दारूच्या नशेत आग लावल्याचा गुन्हा दाखल आहे. तिची सरकारी रुग्णालयात नर्स म्हणून निवड झाली असून ५ जानेवारीला तिला रुजू व्हायचे आहे. गुन्ह्यामुळे तिची चारित्र्य पडताळणी अडकली आहे. ती तारीख टळली तर तिची जागा दुसऱ्याला जाईल. आग तिने लावलेली नाही. आग आमच्या दिव्यांनी लागली. हे आधीच लिहून घ्या, म्हणजे पुढे मी रडले-बिडले तरी राहून जायला नको.

पतींना ऐंशी वर्षे आणि आठ महिने पूर्ण होऊन एक्क्याऐंशीवे चालू असल्याने त्यांचे सहस्रचंद्रदर्शन करायचे होते. आमच्यात त्या दिवशी चालू वयाइतके दिवे लावून ओवाळतात. शंतनुच्या डोक्यात आले की बाबांना समुद्रावरचा पौर्णिमेचा चंद्र दाखवायचा. ग्वाल्हेरच्या बाडा चौकाजवळच्या ट्रॅव्हलवाल्याकडे ४ डिसेंबरची पौर्णिमा सापडेल अशी ‘नीलतरंग’ची एकच सफर होती, मुंबईहून निघून मुंबईला परत. या जहाजाचे नाव चांगले नव्हते. अपर्णाने मोबाइलवर व्हिडिओ दाखवले, त्यात लोक पिऊन पोहण्याच्या हौदात कपड्यांसकट उड्या मारत होते. भजनी मंडळातल्या बायका म्हणाल्या, “काकू, त्या दारूच्या बोटीवर तुम्ही?” मी म्हटले, आपण आपल्या खोलीत दार लावून बसू, आपल्याला काय करायचे आहे त्या बेवड्यांशी! हे माझेच शब्द आहेत.

ग्वाल्हेरहून आम्ही सव्वीस जण निघालो. त्यात गरिमा आणि तिच्या चार मैत्रिणी होत्या, तिच्या निवडीची पार्टी करायला निघालेल्या. गाडीत पतींना वरचा बर्थ आला होता. गरिमाने न मागता आपला खालचा बर्थ दिला आणि म्हणाली, “अंकल, आप यहाँ आइए, मैं तो बंदरिया हूँ, कहीं भी चढ़ जाऊँगी.” पती हसले. मला तो आगाऊपणा वाटला.

३ डिसेंबर रोजी दुपारी बंदरावर सामानाची तपासणी झाली. पेटवायची कोणतीही वस्तू जहाजावर नेण्यास मनाई आहे असे मोठ्या अक्षरांत लिहिले होते. मी ते वाचले होते. माझ्याकडे देवाच्या डब्यात तुपात भिजवलेल्या फुलवाती आणि हळदीकुंकवाच्या पुडीखाली काड्यापेटी होती. तपासणाऱ्या बाईने डबा उघडला, कुंकू पाहिले, हात जोडले आणि म्हणाली, “माताजी, पूजा का है? ले जाइए.” माझ्यामागे गरिमाच्या पाच जणींच्या बॅगा जमिनीवर रिकाम्या केल्या. शाम्पूच्या बाटल्या उघडून दारू आहे का म्हणून हुंगल्या. मला त्याचे बरे वाटले.

जहाजावर खरोखर धिंगाणा चालतो का, असे विचारले असता सांगते, चालतो. डोळ्यांनी पाहिले आहे. हौदापाशी दुपारपासून कानठळ्या बसवणारी गाणी, हातात ग्लास, जेवणाच्या हॉलमध्ये कोणी कोणाच्या खांद्यावर. आमच्या ग्रुपमधले महिपतराव, आमच्या भजनी मंडळाचे अध्यक्ष, काढ्याच्या नावाने स्टीलच्या थर्मासमधून दोन्ही दिवस पीत होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याच्या टेबलावर घोरत होते. त्यांचे नाव कोणी कुठे दिले नाही, मीही दिले नाही. गरिमाची खोली ८१६, आमच्या शेजारी. मुली कागदी मुकुट घालून नाचत, बिअर पीत आणि दार सताड उघडे ठेवत. येणाऱ्या-जाणाऱ्याला मिठाई देत. मी जहाजाच्या काउंटरवर त्यांच्याविरुद्ध दोनदा तक्रार केली. दोन्ही तक्रारींची तिथे नोंद आहे आणि पुढे तीच कामी आली.

४ डिसेंबर रोजी सायंकाळी ६ च्या सुमारास आम्ही खोली ८१४ मध्ये औक्षणाची तयारी केली. कणकेचे एक्क्याऐंशी दिवे मी घरून वाळवून नेले होते. ते पितळी परातीत मांडले. छतावर धूर ओळखणारे यंत्र होते. शंतनुने न्हाणीघरातली प्लास्टिकची टोपी त्यावर चढवली. ही युक्ती कुठे शिकलास, असे मी विचारले. तो म्हणाला, “अगं आई, त्या व्हिडिओत नाही का, पोरं सिगरेट प्यायला असंच करतात.” आम्ही सगळे हसलो. त्या जहाजावरची ती एक बेवडेगिरी मी आमच्याच खोलीत पाहिली.

६ वाजून २० मिनिटांनी मी पतींना ओवाळले. ते खुर्चीत बसले होते, अंगावर नवी शाल होती. दिवे छान तेवत होते, तेवढ्यापुरते सगळे फार सुंदर झाले, हे नाही सांगितले तर तेही खोटेच होईल. नंतर वर डेकवर चंद्र पाहायला जायचे ठरले. पतींचे गुडघे दुखत होते. ते म्हणाले, तुम्ही पुढे व्हा, शंतनु मला न्यायला येईल.

दिवे विझवले का नाहीत, असे विचारले असता सांगते, औक्षणाचे दिवे आमच्यात फुंकत नाहीत. ते आपोआप शांत होऊ द्यायचे असतात. त्यातून हे वयाचे दिवे, फुंकर घालणे म्हणजे अभद्र. अपर्णा म्हणाली होती, “आई, बुझा देते हैं ना, कपडा टाकून.” मी तिच्यावर खेकसले. परात बाल्कनीच्या दाराजवळच्या टेबलावर ठेवली आणि पतींना म्हटले, दिवे शांत होईपर्यंत लक्ष ठेवा. हवा खेळती राहावी म्हणून बाल्कनीचे दार मी उघडे ठेवले. खोलीचे दार उघडायचे कार्ड एकच असल्याने अपर्णाने बाहेरच्या दारात चप्पल अडकवली. ८१ वर्षांच्या माणसाला ८१ दिव्यांवर पहारा बसवून मी चंद्र पाहायला गेले.

पती सांगतात त्याप्रमाणे त्यांना पाच मिनिटांत डुलकी लागली. वाऱ्याने पडदा परातीवर आला. शेजारच्या उघड्या दारातल्या पोरींना धुराचा वास आला. दार लावून बसलेल्या एकाही सभ्य खोलीला तो आला नाही. गरिमा चप्पल लाथाडून आत शिरली आणि पतींना काखेत हात घालून बाहेर ओढले. मैत्रिणींनी त्यांना पाणी पाजले आणि बाहेरची आगीची घंटा दाबली. ती परत आत गेली, पडदा ओढून पाडला आणि पेटती परात दोन्ही हातांनी उचलून न्हाणीघरात नेऊन पाण्याखाली धरली. तिचे दोन्ही तळवे भाजले. ६ वाजून ५० मिनिटांनी घंटा वाजली, आम्ही धावत खाली आलो तेव्हा ती भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती, डोक्यावर तो कागदी मुकुट. मला पाहून म्हणाली, “आंटी, अंकल ठीक हैं. दिये गिर गए, सॉरी.” सॉरी तीच म्हणाली!

जहाजाचे लोक दोन मिनिटांत येणार हे शंतनुला कळले. बाबांची औषधे घेतो म्हणून तो आत गेला. यंत्रावरची टोपी खिशात घातली, ओले दिवे आणि वाती पिशवीत भरून बाल्कनीतून समुद्रात टाकल्या आणि परात बॅगेत साड्यांखाली घातली. मी दारातून हे पाहिले. अधिकाऱ्यांना तो म्हणाला, बाजूच्या मुलींनी सिगरेट आमच्या बाल्कनीत फेकली आणि नशेत आत घुसून गोंधळ घातला. अधिकाऱ्यांनी गरिमाचे तोंड हुंगले. हात पाहिले. काउंटरवरच्या माझ्या तक्रारी काढल्या. भाजलेले हात हाच पुरावा धरला. तिने दिव्यांबद्दल सांगितले तेव्हा एक अधिकारी हसून म्हणाला, “मॅडम, ये फ़ैमिली वाले लोग हैं.”

पतींनी खरे सांगितले. “त्या पोरीने मला उचललं, दिवे आमचे होते,” असे ते जहाजावरच्या डॉक्टरांसमोर दोनदा बोलले. शंतनु डॉक्टरांना म्हणाला, बाबांना अलीकडे आठवत नाही, काहीही बोलतात. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, हो, विसरतात. ६ तारखेच्या जबाबात मी तेच लिहून दिले आणि सही केली. त्या वेळी पती समोर होते.

तेव्हा असे का केले, याचे कारण विचारले असता सांगते, मुलगा. दुसरे कारण नाही. शंतनुची बढती ठरायची होती आणि मला वाटले, ती पोरगी काय, त्या बोटीवर आलेली, बिअर पिणारी, तिचे काय बिघडणार आहे. हे मनात आले होते, म्हणून सांगते. लाज वाटते, पण लिहा.

१४ डिसेंबर रोजी सकाळी गरिमाचे वडील, निवृत्त हवालदार, आमच्या फाटकाशी आले. त्यांच्या हातात तिच्या नेमणुकीचे पत्र होते. शंतनुने फाटक न उघडता सांगितले, “वकील से बात कीजिए.” ते वीस मिनिटे उभे होते. मी खिडकीतून पाहत होते. जाताना त्यांनी आमच्या दारातले वर्तमानपत्र उचलून नीट फाटकात खोचून ठेवले.

पती ६ डिसेंबरपासून माझ्याशी बोललेले नाहीत. संध्याकाळी मी देवाजवळ दिवा लावायला बसले की ते उठून बाहेरच्या खोलीत जातात. गुडघे दुखतात तरी जातात. बावन्न वर्षांच्या संसारात ते रागावून कधी ताटावरून उठलेले नाहीत. काल रात्री मी शंतनुला सांगितले की मी ठाण्यात जाणार. तो म्हणाला, “आई, तू मला अडकवणार? लोग क्या कहेंगे, पोतनीसांनी बोट जाळली?” मी म्हटले, हो, तेच म्हणतील, कारण तेच झाले आहे. आज तो माझ्या रिक्षामागून आला, बाहेर आपल्या गाडीत बसला आहे. आत आलेला नाही.

मॅडमनी पुन्हा विचारले की या जहाजाच्या बदनामीत तथ्य आहे काय. माझे म्हणणे असे की लोक तिथे पितात, नाचतात, ओरडतात, आणि मला ते आजही आवडत नाही. पण नियम मोडून आग आणली मी, यंत्रावर टोपी चढवली माझ्या मुलाने, आणि पुरावा समुद्रात टाकून निरपराध पोरीवर आळ घेतला आम्ही दोघांनी. शुद्धीवर राहून. आमच्यापैकी कोणी थेंबभरसुद्धा प्यायलेले नव्हते. बोटीचे नाव आधीच खराब होते म्हणून आमचे खपले. आणि बाकीच्या सतरा जणांनी ग्वाल्हेरला येऊन बोटीलाच शिव्या दिल्या, महिपतरावांनी सर्वांत जास्त.

सदर पितळी परात मी सोबत आणली आहे. तळ आणि एका बाजूचा काठ काळा आहे. मी ती मुद्दाम घासलेली नाही. ती पंचांसमक्ष जप्त करावी. या सांगण्याने माझ्यावर आणि माझ्या मुलावर कारवाई होऊ शकते हे मॅडमनी मला समजावले. एकतीस वर्षे मी त्याच नकला करत होते, मला समजते. मॅजिस्ट्रेटसमोरही मी हेच सांगेन, पण ५ जानेवारीच्या आत न्या.

पोलिसांपुढच्या अशा जबाबावर सही लागत नाही हे मला माहीत आहे. मॅडमनीही तसे सांगितले. खोट्यावर सही केली आहे, तर खऱ्यावरही करू द्या, अशी मी विनंती केली.

हा जबाब मला मराठीत सावकाश वाचून ऐकवला. एका ठिकाणी “दिवे पडून आग लागली” असे लिहिले गेले होते, ते मी “दिवे आम्ही पेटते सोडून गेलो” असे दुरुस्त करून घेतले. बाकी सर्व मी बोलले तसेच उतरले आहे. कोणाचा दाब नाही.

सही करण्यापूर्वी एक गोष्ट जोडायची आहे. माझे पती भालचंद्र पोतनीस बाहेरच्या बाकावर बसले आहेत. सकाळी मी चपला घालताना तेही काठी घेऊन उठले, रिक्षात माझ्याशेजारी बसले. त्यांचाही जबाब घ्यावा. त्यांना सगळे आठवते.

(सही) सीमंतिनी भालचंद्र पोतनीस