सुलभाबाईंचं नामस्मरण

या मंडळी, सरका पुढं! खांबाला टेकलेल्यांनीही या — खांब पडत नाही. आज पुराणातली नव्हे, पिठाच्या गिरणीतली गोष्ट सांगतो. पण आधी एक प्रश्न. देवापुढं आपण तासभर गाऱ्हाणं मांडतो. देव मध्येच तोंड घालतो का? नाही! मग नवरा का घालतो? बायको का घालते? — हसू नका, उत्तर शोधा!

रंगनाथ गिरणीवाला. वय त्रेपन्न, धंद्यात चोख. रागीट होता? छे! हुशार होता. तिथंच घोटाळा! बायकोनं, सुलभानं, "अहो, मला जरा—" म्हणायचा अवकाश, याचं उत्तर तयार. तिचं वाक्य अर्धं, याचं उत्तर पूर्ण! "तुला काय कमी आहे?" झालं. भांडण जिंकलं. वाढ जेवायला! तीस वर्षांत एक भांडण हरला नाही बिचारा.

सुलभा गिरणीत चाळणीपाशी बसायची. गिरणी सुरू झाली की तिचे ओठ हलायला लागत. त्या घरघरीत ऐकू कुणाला येणार? रंगनाथ गिऱ्हाइकांना अभिमानानं ओरडून सांगायचा, "आमच्या हिचं दळताना अखंड नामस्मरण!" लोक हात जोडायचे. दोघी-तिघी तर पाया पडून दळण न्यायच्या.

आणि एका मंगळवारी, भर दुपारी — मृदंग थांबवा बुवा, टाळही थांबवा — वीज गेली. अशी शांतता! ऐकताय ना? या शांततेत सुलभाचं बोलणं चालूच राहिलं:

"—तुमच्या आईनं जाताना विचारलं, 'पोरी, हा तुझं ऐकतो का गं?' मी हो म्हणाले. मरणाऱ्या माणसाशी खोटं बोलले तुमच्यापायी. बास झालं. शनिवारी भावाकडं जाते, ते कायमची..."

मग तिच्या लक्षात आलं. रांगेत पाच बायका. पाचही जणी आपापल्या डब्यात बघत! हे होतं नामस्मरण!

रंगनाथचे कान तापले. उत्तरं? तीन तयार होती! 'चारचौघांत तमाशा करतेस?' हे एक. 'जा की, अडवलंय कुणी?' हे दुसरं. तिसरं इथं सांगण्यासारखं नाही. तेवढ्यात — दिवा लागला! वीज आली! आता स्टार्टरचं हिरवं बटण दाबायचं, घरघर सुरू, सगळं पहिल्यासारखं. त्याचा हात बटणावर गेलाही.

पहिला नंबर अनुसयाआजीचा. घरात चिमूटभर पीठ नाही. म्हातारीनं बाजरीचा डबा तसाच उचलला. "राहू दे रं रंगा, आज भात टाकते." आणि उरलेल्या चौघींकडं वळून, "तुमच्या घरात तांदूळ नाहीत काय गं? चला!"

गिरणी रिकामी. रंगनाथनं बटणावरचा हात काढला. एक डबा उलटा करून त्यावर बसला.

"सांग."

"काय सांगू? तीस वर्षांचं आहे."

"पहिल्यापासून सांग."

सांगितलं तिनं. तीनदा त्याचं तोंड उघडलं, मंडळी! तीनदा त्यानं ते स्वतःच्याच हातानं दाबलं. संध्याकाळी बाहेर आला, तर तोंडावर पिठाचा अख्खा पंजा! चावडीवर कुणीतरी विचारलं, "वहिनींनी मारलं की काय?" त्यानं उत्तर दिलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा!

शनिवारी सुलभा भावाकडं गेली. — गेलीच! एकदा ऐकून घेतलं की लगेच सगळं मिटतं, असं कुणी सांगितलं तुम्हाला? मंगळवारी पिशवी भरायला लागली. भाऊ म्हणाला, "कायमची आली होतीस ना गं?" ती म्हणाली, "अठराव्या वर्षापर्यंतच सांगून झालंय. बारा राहिलीत."

आता आपलं बघा. घरी गेलात की टीव्ही बंद करा, मोबाईल उलटा ठेवा, आणि समोरच्या माणसाला एवढंच म्हणा — "सांग." मग गप्प! हा आपला विठोबा बघा. कंबरेवर हात ठेवून — बटणावर नव्हे! — युगानुयुगं दुसरं काय करतोय?

आणि आज ताटात गरम भाकरी पडली, की पहिला घास मोडताना त्या अनुसयाआजीची आठवण ठेवा. त्या दिवशी म्हातारीनं भात खाल्ला. तिला भात सोसत नव्हता.